ऐकलेले ग्रंथ

सध्या ज्यास ‘ऑडिओबुक’ किंवा श्राव्यपुस्तक म्हणतात, तो प्रकार अगदी नवा आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. कानांत दोन बोंडे घालावी आणि बसमध्ये, स्वयंपाकघरात किंवा सकाळच्या फेरफटक्यात कोणा अनोळखी पण सुस्वर वाचकाकडून अख्खी कादंबरी ऐकून घ्यावी, हा परिपाठ आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत पडला आहे. पुस्तकाच्या जोडीला लेखकाशी झालेली तास-दोन तासांची बातचीतही ऐकावयास मिळते. आमच्या पाहण्यात या मंडळींचे आवडते विषय तीन : माणसामाणसांतील नाती, ‘मी कोण’ हा प्रश्न, आणि स्वतःस घडविण्याचा मार्ग. हे पाहून आमचे वडीलधारे स्नेही ‘वाचन बुडाले’ म्हणून उसासा टाकतात, आणि तरुण मंडळी ‘युग पालटले’ म्हणून हर्ष मानतात. दोन्ही पक्षांस इतिहासाचे विस्मरण झाले आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. मराठी ग्रंथ डोळ्यांचा होण्यापूर्वी कानांचा होता, आणि वरील तीनही विषय त्याच्या घरचेच होते.

ज्ञानेश्वरीचेच पाहा. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशास जे घडले, ते परंपरेप्रमाणे लेखन नव्हतेच. ते निरूपण होते. सांगणारे ज्ञानदेव, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, समोर निवृत्तिनाथ आणि संतसभा. म्हणूनच त्या ग्रंथात वक्ता पदोपदी श्रोत्यांकडे वळतो, त्यांची विनवणी करतो, लडिवाळपणे त्यांचा कान मागतो. मूळ गीता हीदेखील अर्जुनाने विचारलेल्या प्रश्नांतून निघालेली, आणि संजयाने एका अंध राजाला ऐकविलेली. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर एका संकटग्रस्त माणसाची दीर्घ मुलाखत, आणि तिचे ध्वनिक्षेपण! विनोद सोडून दिला, तरी मुद्दा राहतोच.

परंतु आम्हांस ही कथा नेवाशाची सांगावयाची नाही. ती रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याची सांगावयाची आहे. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढी बोलीत वस्ती किंवा आळी. ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा, बुढापारा आणि पुरानी बस्ती ही रायपूरच्या जुन्या भागाची नावे. बदलीच्या हुकमाने मध्य भारताच्या या टोकास येऊन पडलेल्या मराठी माणसास वाटते, आपणच येथे उपरे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची स्वारी रतनपुरावर झाली. १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. त्यांच्यामागून सुभेदार आले. १८१८ नंतर काही वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख झाली आणि मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. पुन्हा १८३० पासून भोसले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर कायमचे इंग्रज. या सर्व उलथापालथीत लिहिणारा, मोजणारा, हिशेब ठेवणारा असा मराठी वर्ग येथे येतच राहिला. तेव्हा कारकुनी करण्यासाठी महानदीच्या खोऱ्यात येणारे आम्ही काही पहिले नव्हे. ही परंपरा पावणेतीनशे वर्षांची आहे. ती फार तेजस्वी आहे असा दावा आम्ही करणार नाही.

या वस्त्यांचा श्रवणाशी संबंध सांगताना एक आडवळण घेण्याचा मोह आवरत नाही. ब्राह्मणपाऱ्याला लागूनच असलेल्या बुढापाऱ्यात १८७७ ते १८७९ या काळात कलकत्त्याच्या एका वकिलाचे कुटुंब येऊन राहिले होते. त्या वकिलाचा मुलगा तेव्हा १४ वर्षांचा होता. त्याला घालावे असे विद्यालय येथे नव्हते, म्हणून तो घरीच राहिला, आणि वडिलांकडे येणाऱ्या विद्वानांचे वाद-संवाद ऐकत, मधूनच त्यांत आपले मत टाकीत शिकला. वडिलांचे नाव विश्वनाथ दत्त, मुलाचे नरेंद्रनाथ. जगाने त्याला पुढे विवेकानंद या नावाने ओळखले. ऐकणे ही आळशी माणसाची सोय आहे, असे म्हणणाऱ्यांनी रायपूरची ही दोन वर्षे ध्यानात घ्यावी.

आता मुख्य पुरुषाकडे वळू. पंडित माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे. पदवी घेऊनही सरकारी नोकरीची वाट त्यांनी धरली नाही. यावर आमच्यासारख्यांनी अधिक न बोलणेच शहाणपणाचे. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. प्रकाशक वामन बळीराम लाखे, संपादक रामराव चिंचोळकर आणि माधवराव सप्रे. तीनही नावे मराठी, मासिक मात्र हिंदी! बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने या एका ओळीवर थोडा वेळ थांबावे, असे आम्हांस वाटते. आपले कोणते, परके कोणते, हा प्रश्न या तिघांनी बोलून नव्हे तर करून सोडविला. ज्यांच्यामध्ये राहतो त्यांच्या भाषेत लिहावे आणि मनातील मराठीही मरू देऊ नये, हे त्यांचे उत्तर. मासिक तीन वर्षे चालून बंद पडले, परंतु १९०१ मध्ये त्यात आलेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी गोष्ट हिंदीच्या आरंभीच्या कथांत आजही गणली जाते, आणि तीच पहिली, असे मानणारा एक पक्षही आहे.

१९०७ मध्ये सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला, आणि टिळकांचा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. येथे त्यांच्या आयुष्यातील तो प्रसंग आला, ज्याच्याविषयी चरित्रकार थोडे घाईने लिहितात. थोरल्या भावाच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे त्यांचा निश्चय टिकला नाही. माफीच्या कागदावर त्यांनी सही केली आणि ते सुटले. एका बाजूला वडीलभावाचे नाते, दुसऱ्या बाजूला स्वतःच जाहीर केलेले तत्त्व. जे टिळक त्यांचे आदर्श, ते त्याच वर्षी सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेस गेले होते. सप्रे बाहेर होते, आणि बाहेर असणे हीच त्यांची शिक्षा झाली. मित्र दुरावले, लेखणी खाली ठेवली गेली, आणि सार्वजनिक जीवनातून हा माणूस अदृश्य झाला.

आजच्या आत्मविकासाच्या पुस्तकांत अशा मनुष्यास सात पायऱ्या सांगतील आणि आठव्या दिवशी तो हसऱ्या चेहऱ्याने कामाला लागेल. सप्रे यांनी काय केले? वर्ध्याजवळील हनुमानगड येथे रामदासी संप्रदायाचे श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात ते जाऊन राहिले, आणि दासबोधाचे श्रवण-पठण करू लागले. पुस्तक लिहिणारा, पत्र चालविणारा, दुसऱ्यास ऐकविण्याची सवय झालेला माणूस ऐकणारा झाला. त्या श्रवणातून जो माणूस बाहेर आला, त्याने दासबोध हिंदीत आणला. टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा मंडालेच्या तुरुंगात शिसपेनने लिहिलेला ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला, आणि त्याचा हिंदी अनुवाद करण्याचे काम याच सप्रे यांच्या हातून झाले. माफीपत्रावर सही केलेला हात आणि गीतारहस्य हिंदीत उतरविणारा हात एकच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अनुवादाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पुढे १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे देहावसान झाले. ब्राह्मणपारा-कंकालीपाऱ्याच्या भागात १९०८ मध्ये स्थापन झालेले आनंद समाज वाचनालय ही त्याच पिढीची आठवण.

दासबोधच का, असा प्रश्न येथे उचित आहे. समर्थांचा हा ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात आहे. २० दशक, प्रत्येकात १० समास, ओव्या ७७५१. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतात. कधी श्रोता आक्षेप घेतो, कधी वक्ता त्याला सावध होण्यास सांगतो. चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे, आणि त्यात पहिले स्थान श्रवणाला आहे. पण आम्ही वाचकांचे लक्ष तिसऱ्या दशकाकडे वेधू इच्छितो. तेथे एका सामान्य संसारी माणसाचे आयुष्य जन्मापासून सांगितले आहे. लग्न होते, आईबापांपेक्षा बायको जवळची वाटू लागते, लेकुरे वाढतात, द्रव्य सरते, देणे होते, आणि मग हा गृहस्थ घरच्यांना मागे टाकून कमाईसाठी परदेशी जातो. तेथे तो राबतो, पैसा जोडतो, घरच्या आठवणीने झुरतो, परत येतो, आणि आणलेला पैसा पुरा होत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या या प्राण्याची हकीकत ऐकताना आमच्यासारख्या बदलीवरील नोकरांस आपलीच सेवापुस्तिका कोणी वाचून दाखवीत आहे असे वाटते. फरक इतकाच की, त्याला प्रवासभत्ता मिळत नव्हता.

आणखी एक गोष्ट कारकून म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे गोल व सरळ असावे, ओळी कशा साऱ्या सारख्या दिसाव्या, कागद, शाई, लेखणी कशी असावी, हे सारे तेथे आहे. ग्रंथ कानाने घ्यावा आणि हाताने उतरून घ्यावा, असा तो काळ होता. ऐकणे आणि लिहिणे यांत वैर नव्हते.

नात्यांविषयी बोलणाऱ्या आधुनिक मराठी पुस्तकांत ज्याचा मान आमच्या मते पहिला, त्या पुस्तकाचाही एक धागा या प्रदेशातून जातो. नागपूरहून रायपुरास येणारी आगगाडी गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग अशी येते. राजनांदगाव हे तेव्हा एक संस्थान होते. कवी नारायण वामन टिळक तेथील नोकरीसाठी निघाले असता गाडीच्या डब्यात त्यांची एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाशी गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. त्या गृहस्थाने बायबलची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. पुढील वाचन-चिंतन राजनांदगावात झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षांचा विरह, नातेवाइकांचे दडपण, सोवळ्याओवळ्याचा अंतरीचा झगडा, आणि शेवटी पतीकडे परत येऊन १९०० मध्ये स्वतः विचारपूर्वक केलेले धर्मांतर, हे सारे ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. म्हणूनच की काय, ते पुस्तक लिहिलेले वाटत नाही, बोललेले वाटते. वाक्ये आखूड, सूर घरगुती, आणि दुःखाच्या ऐन मध्यावर विनोद. जे पुस्तक मुळातच कानासाठी झाले आहे, ते मोठ्याने वाचले की निम्म्याने अधिक फुलते. विजया मेहता यांनी त्याचे चित्रपटरूप केले आणि सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या, तेव्हा पुस्तक न वाचलेल्या घरांतही ते पोहोचले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

बोललेल्याचे पुस्तक झाल्याचा आणखी एक दाखला घाईत देऊन पुढे जातो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर १८ प्रवचने दिली. श्रोते कैदी. त्यांतील साने गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. एक बोलतो, दुसरा टिपतो, हीच ती नेवाशाची रीत, फक्त जागा तुरुंगाची.

आता यंत्राकडे येऊ. एडिसनने १८७७ मध्ये ध्वनिलेखन यंत्र केले, आणि लगेच पुढील वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अंध माणसांसाठी बोलकी पुस्तके हा एक उपयोग होता. प्रत्यक्षात ते यावयास अर्धशतक लागले. १९३०च्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडात अंधांसाठी तबकड्यांवर पुस्तके निघू लागली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांची निकड त्यामागे होती. म्हणजे हे साधन चैनीतून निघाले नाही. ज्याच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता, त्याच्यासाठी निघाले. आपल्याकडे १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाली. छापील पुस्तक अंधांस उपलब्ध करून देण्यातील स्वामित्वहक्काची अडचण आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दूर झाली, आणि याच विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. ही गोष्ट आपल्या वृत्तपत्रांनी कोपऱ्यात छापली. ती पहिल्या पानावर यावयास हवी होती.

सर्वसाधारण मराठी श्रोत्याला मात्र यंत्रातून ऐकण्याची गोडी नभोवाणीने लावली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यास एक गीत याप्रमाणे सुरू झाले, आणि ५६ गीतांनी पुरे झाले. लोक रेडिओस हार घालीत, असे त्या काळचे लोक सांगतात. ब्राह्मणपाऱ्याची गोष्ट जरा निराळी. १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर ही रायपूरचीही राजधानी होती, कारण दोन्ही शहरे मध्यप्रांत व वऱ्हाडात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. एका रात्रीत येथील मराठी माणूस आपल्या जुन्या राजधानीस परका झाला. सीमा अशी कागदावर ओढता येते, पण ध्वनिलहरींस चौकीनाका नसतो. नागपूरचा आवाज रायपुरात येतच राहिला. २ ऑक्टोबर १९६३ रोजी रायपूरचे स्वतःचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ते हिंदी आणि छत्तीसगढीचे, आणि तसेच ते असावयास हवे होते. मराठीसाठी सुई थोडी पश्चिमेकडे सरकवावी लागे, इतकेच.

त्यानंतरच्या काळात मराठीत कथाकथनाला बहर आला. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांचे त्रिकूट गावोगाव जाऊन कथा सांगू लागले. लेखक स्वतः बोलतो, श्रोते समोर हसतात, आणि कथा छापील पानावरून उठून चालू लागते. शहरी नात्यांच्या संदर्भात येथे व. पु. काळे यांचे नाव घ्यावयासच हवे. १९३२ ते २००१ हा त्यांचा जीवनकाळ. हे गृहस्थ मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते. दिवसा घरांचे नकाशे, आणि कथांतून त्या घरांत राहणाऱ्या नवराबायकोंची मने. त्यांच्या कथाकथनाचे कार्यक्रम शेकड्यांनी झाले, आणि कॅसेटवर ज्यांचा आवाज घरोघर गेला अशा आरंभीच्या मराठी कथालेखकांत ते होते. समीक्षकांनी त्यांच्या सुभाषितवजा वाक्यांविषयी नाके मुरडली, आणि ते काही अगदीच अकारण नव्हे. परंतु लग्नाच्या पाचव्या वर्षी मुकी झालेली किती जोडपी ती कॅसेट लावून एका खोलीत बसली असतील, याचा हिशेब समीक्षेत मांडला जात नाही.

१९८१ हे साल तर रायपूरकर मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगे. त्या एकाच वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची दोन अधिवेशने झाली. अकोल्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर होते, रायपूरच्या अधिवेशनाचे गंगाधर गाडगीळ. योगायोग पाहा. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांच्या कन्या वीणा देव आणि कुटुंबीयांनी अनेक वर्षे रंगमंचावर केले. केवळ कागद हाती घेऊन, नेपथ्याविना. आणि गाडगीळ हे नवकथेचे अग्रणी. माणसाच्या मनातील, त्याने स्वतःशीही न बोललेले, त्यांनी कथेत आणले. एकाने पुस्तक कानाला दिले, दुसऱ्याने कथेला आतला कान दिला, असे म्हटले तर चालेल. पुढे सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांनी प्रकट मुलाखत ही रंगमंचावरील स्वतंत्र कला केली, आणि मुंबई दूरदर्शनच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमात लेखक-कलावंत समोर बसून बोलताना दिसू लागले.

स्वीडनमध्ये २००५ साली निघालेली स्टोरीटेल ही संस्था नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आली, आणि आरंभीच जी भाषांची निवड झाली तीत इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी होती. व्यापारी माणूस भावनेने भाषा निवडीत नाही. ऐकण्याची सवय ज्या समाजात आहे, तेथे दुकान मांडावे, हा साधा हिशेब. ती सवय कोठून आली, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मग जुन्यात आणि नव्यात अंतर काहीच नाही काय? आहे, आणि ते लहान नाही. पहिले अंतर शंकेचे. दासबोध ऐकणारा शिष्य वक्त्यास अडवू शकत होता. कानातील बोंडास अडविता येत नाही, फार तर थांबविता येते. बातचीत लेखकाची होते, पण प्रश्न विचारणारा तिसराच असतो, आणि आपण त्या दोघांच्या दाराबाहेर उभे राहून ऐकत असतो. दुसरे अंतर सोबतीचे. पूर्वी एक ग्रंथ ऐकावयास दहा माणसे बसत, आणि कोणाच्या डोळ्यांस पाणी आले हे शेजाऱ्यास दिसे. आता एकाच घरात चार माणसे चार ग्रंथ ऐकतात. त्यांतील एक ग्रंथ ‘नात्यांतील संवाद’ या विषयावर असण्याचा बराच संभव आहे! तिसरे अंतर उपदेशाच्या चवीचे. दासबोध श्रोत्याला मूर्खांची लक्षणे सुनावतो, आणि त्यांतील दहा-वीस तरी आपल्यास लागू पडतात. नवा आत्मविकास श्रोत्याची पाठ थोपटतो. सप्रे यांस १९०८ नंतर पाठ थोपटणारा ग्रंथ मिळाला असता, तर ते कदाचित लवकर बरे झाले असते. हिंदीला दासबोध मिळाला असता की नाही, याची शंका आहे.

असे असूनही आम्ही या नव्या साधनाच्या बाजूने आहोत, आणि त्याचे कारण आमच्या घरांत आहे. येथील शाळांत शिकलेली आमची मुले देवनागरी वाचतात, कारण हिंदीची लिपी तीच. अक्षर ओळखीचे, पण उच्चार हिंदीचा. ‘चमचा’ आणि ‘चारा’ यांतील दोन ‘च’ वेगळे आहेत, ‘जग’ आणि ‘जाग’ यांतील ‘ज’ एक नव्हे, ‘ळ’ हा ‘ल’चा थोरला भाऊ नसून स्वतंत्र गृहस्थ आहे, हे कागद सांगत नाही. ते कानच सांगतो. आजी जवळ असेल तर प्रश्न नव्हता. पण बदलीच्या नोकरीत आजी सहसा दुसऱ्या राज्यात असते. छापील मराठी पुस्तक पुढे केले की मूल दुसऱ्या पानावर थबकते, आणि तेच पुस्तक कोणी वाचून दाखविले की तासभर हलत नाही, हा अनुभव आमच्या अनेक सहकाऱ्यांचा आहे. आठ-दहा वर्षांचे ते मूल पुढे कोणत्या भाषेत रागावेल, कोणत्या भाषेत प्रेम करील, आणि आईस पत्र वा निरोप कोणत्या भाषेत धाडील, याचा निकाल त्या तासाभरात थोडा थोडा लागत असतो. लाखे, चिंचोळकर आणि सप्रे हिंदीत लिहीत होते, तेव्हा त्यांच्या घरची मराठी शाबूत होती. हिंदी ही त्यांनी दिलेली देणगी होती, मराठीच्या बदल्यात घेतलेली वस्तू नव्हे. आमच्या मुलांबाबत तसे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. रायपुरात चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. जुन्या पाऱ्यांतून अनेक पिढ्यांची मराठी घरे आहेत. आणि आमच्यासारखी तीन-चार वर्षांची पाहुणी मंडळीही आहेत. पुण्या-मुंबईच्या ध्वनिगृहांतून जे येते ते उत्तमच, परंतु या प्रदेशाशी नाते सांगणारी पाने येथील आवाजात उतरावयास हवीत. ‘स्मृतिचित्रे’तील राजनांदगावची पाने घ्यावी. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ चे. त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच उलटली आहे, त्यामुळे परवानगीचा अर्ज, त्यावरील शेरा आणि शेऱ्यावरील शेरा, हे सोपस्कार नाहीत. फक्त पाठ जुन्या आवृत्तीवरून घ्यावा, नव्या संपादित आवृत्तीवरून नव्हे. दोन वाचक हवेत : लक्ष्मीबाईंसाठी एखाद्या साठीच्या बाई, ज्यांचे मराठी घरातच मुरले आहे, आणि टिळकांच्या बोलण्यासाठी कोणी एक गृहस्थ. समोर पाच-दहा मुले बसवावी आणि त्यांना मध्येच प्रश्न विचारण्याची मोकळीक द्यावी. ते प्रश्नही ध्वनिमुद्रणात राहू द्यावे. खोली रस्त्यापासून जरा आतली पाहावी लागेल, कारण ब्राह्मणपाऱ्यातील बोळ अरुंद आहेत, आणि संध्याकाळी सहानंतर तेथील स्कूटरींचे कर्णे कोणत्याही निरूपणास पुरून उरतात. रविवारी सकाळची वेळ बरी.